दुसरी बाजू

ज्याच्या घरीं ध्वनिमुद्रिकांचें एखादें कपाट आहे, अशा मनुष्यास अलीकडे एका प्रश्नाला वारंवार तोंड द्यावें लागतें. पाहुणा कपाटापुढें उभा राहतो, दोन-चार वेष्टनें काढून पाहतो, एखादी काळी तबकडी उजेडाकडे तिरपी धरतो, आणि मग आवाज थोडा खालीं आणून विचारतो, "खरें सांगा, हिचा आवाज खरोखरच चांगला असतो का हो?" हा प्रश्न विचारणारांचे मीं दोन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गास 'होय' हें उत्तर हवें असतें. त्यानें नुकताच एखादा रेकॉर्ड-प्लेअर विकत घेतलेला असतो, आणि त्या खर्चाला त्याला एक साक्षीदार पाहिजे असतो. दुसऱ्या वर्गास 'नाहीं' हें उत्तर हवें असतें. कारण असल्या कपाटांची हौस म्हणजे उतारवयांतला एक निरुपद्रवी भ्रम होय, असें त्याचें ठाम मत असतें, व तें माझ्याच तोंडून वदवून घ्यावें अशी त्याची इच्छा असते. मी दोघांचीहि निराशा करतों.

केवळ आवाजाविषयीं बोलावयाचें तर नव्या यंत्राची बाजू अधिक भक्कम आहे, हें मान्य केलें पाहिजे. १९८२ सालीं जी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली, तिच्यासाठीं प्रत्येक सेकंदाला ध्वनीचीं ४४,१०० मापें घेतलीं जातात, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसविलें जातें. मनुष्याच्या कानाची धांव सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपलीकडे जात नाहीं. आणि ज्या कंपनाची नोंद करावयाची त्याच्या दुपटीहून अधिक मापें घेतलीं म्हणजे मूळ लहर पुन्हां उभी करतां येते, हें गणितानें सिद्ध झालेलें आहे. तेव्हां डिजिटल ध्वनि म्हणजे तुकड्यातुकड्यांचा आणि तबकडीचा ध्वनि म्हणजे अखंड, ही जी समजूत प्रचलित आहे, ती ऐकावयास गोड असली तरी खरी नव्हे. उलटपक्षीं तबकडीचे दोष तिच्या मालकाला रोज भेटतात. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारें ५० सेंटिमीटर खांच सरकते, आणि मध्याकडे येतां येतां तोच वेग सुमारें २० सेंटिमीटरांवर उतरतो. फेरे तितकेच, पण फेऱ्याचा परीघ लहान झालेला असतो. त्यामुळें तितक्याच ध्वनीला दाटीवाटीनें बसावें लागतें, व बाजू संपत आली कीं तारसप्तकांतली तान किंचित् खरखरीत लागते. गवई नेमका शेवटीं द्रुतांत रंगावयाचा आणि तबकडी नेमकी शेवटींच थकावयाची! शिवाय धूळ आहे, ओरखडे आहेत, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यांत वेष्टनांवर चढणारी बुरशी तर आहेच आहे.

मग हें कपाट कशासाठीं? त्याचें समर्थन मला कानाच्या आधारें करतां येत नाहीं. तें बैठकीच्या आधारें करावें लागतें.

तबकडीचा खरा गुण म्हणजे तिला शेवट आहे. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहर जानचें गाणें मुद्रित केलें, तेव्हांपासून पुढें जवळजवळ अर्धें शतक आमच्या गवयांना लाखेच्या तबकडीवर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें मिळत. जो राग मैफलींत तास-दीड तास विस्तारावयाचा, तो अंडीं उकडावयास लागतो त्याहून कमी वेळांत सांगावयाचा! आणि तरीहि मिरजेच्या अब्दुल करीमखांसाहेबांच्या त्या काळच्या तबकड्या आज ऐकल्या, तर त्यांत कोठें घाई आढळत नाहीं. पुढें १९४८ च्या जून महिन्यांत कोलंबिया कंपनीनें अमेरिकेंत व्हिनिलची दीर्घ तबकडी काढली, आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मोकळीं झालीं. तोंपर्यंत युरोपीय संगीतांतली एखादी मोठी रचना ऐकावयाची म्हणजे चार-पांच तबकड्या लागत. त्या कागदी खिशांत घालून, पुठ्ठ्याच्या बांधणींत, पुस्तकासारख्या विकल्या जात. आणि त्या पुस्तकाला 'आल्बम' म्हणत. हा शब्द मुळांत लॅटिन. त्याचा अर्थ पांढरा फळा, नंतर कोऱ्या पानांची वही. एकाच तबकडींत सारें मावूं लागल्यावर तें पुस्तक गेलें, पण त्याचें नांव मागें राहिलें. मला हें नांव फार अर्थपूर्ण वाटतें. ज्या वस्तूला पुस्तकाचें नांव मिळालें, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली जावी, अशी तिच्या कर्त्याची अपेक्षा असणें स्वाभाविकच होतें.

शिवाय तबकडीची रचनाच तशी आहे. तिच्या एका बाजूवर सुईला जवळजवळ अर्ध्या किलोमीटरची वाट चालावी लागते, आणि ती वाट एकच असते. तिला कोठें फांटा फुटत नाहीं.

ही एकच वाट आहे हें ध्यानांत घेऊन १९६७ सालीं दोन संच निघाले. एक विलायतेंत आणि एक आमच्याकडे. बीटल्स मंडळींच्या 'सार्जंट पेपर' या संचांत गाण्यागाण्यांमधली नेहमींची स्तब्ध पट्टी ठेवलेली नव्हती, आणि सर्व गीतांचे शब्द वेष्टनावर छापलेले होते. म्हणजे श्रोत्यानें तें वेष्टन हातीं धरून अखेरपर्यंत बसावें, अशीच योजना होती. आमच्याकडे त्याच वर्षीं जी. एन. जोशी यांच्या देखरेखीखालीं 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी निघाली. शिवकुमार शर्मा यांचा संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार. तिघेहि तेव्हां तिशीच्या उंबरठ्यावरचे. काश्मीरच्या दरींतल्या एका मेंढपाळाचा दिवस हा त्या तबकडीचा विषय. पहांटेच्या अहीरभैरव-नटभैरवापासून निघून पिलू, भूप, देस असा प्रवास करीत ती पहाडीवर येऊन थांबते. आज कोणी त्यांतली पहाडी तेवढी वेगळी काढून ऐकतो. सूर तेच असतात, वाजविणारे हात तेच असतात. पण ती विसाव्याची पहाडी राहत नाहीं. दिवसभर चालल्यावांचून विसावा कसला?

या एका वाटेवरचा विश्वास किती दूरवर जाऊं शकतो, याचा दाखला दहाच वर्षांनीं मिळाला. १९७७ सालीं अमेरिकेनें दोन व्हॉयेजर यानें अंतराळांत सोडलीं, आणि प्रत्येकीबरोबर एक सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवली. तिच्यांत पंचावन्न भाषांतले अभिवादनाचे शब्द आहेत, त्यांत आपली मराठीहि आहे. आणि सुमारें दीड तासाच्या सत्तावीस संगीतरचना आहेत, त्यांत गोव्याकडच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. पहिलें व्हॉयेजर यान ५ सप्टेंबर १९७७ रोजीं निघालें, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. तबकडीबरोबर सुई ठेवलेली आहे, आणि ती कशी वाजवावी याची आकृति वेष्टनावर कोरलेली आहे. कोणा अज्ञात श्रोत्याच्या हातीं ती पडलीच, तर तो ती अखेरपर्यंत ऐकत बसेल, असें पाठविणारांनीं जणूं गृहीतच धरलें. मधलींच दोन गाणीं ऐकून तो उठून जाईल, ही शंका त्या काळीं कोणाच्या मनाला शिवली नसावी.

ही शंका आज पहिल्यानें मनांत येते. सुईची वाट सोडून पाहिजे तेथें उडी मारण्याची सोय कॉम्पॅक्ट डिस्कनें दिली. २००१ सालीं आयपॉडनें हजार गाणीं खिशांत घातलीं. २००३ सालीं आयट्यून्सच्या दुकानांत नव्याण्णव सेंटांना एक, अशीं सुटीं गाणीं मिळूं लागलीं. जशीं शेवग्याच्या शेंगांची जुडी सोडून कोणी एकेक शेंग विकावी. आणि त्यानंतर विकत घेण्याचीहि गरज उरली नाहीं. मोबाइलवर वर्गणी भरली कीं जगांतलें बहुतेक संगीत दाराशीं हात जोडून उभें. या सोयीनें जें दिलें, तें मी कमी लेखीत नाहीं. तालुक्याच्या गांवीं राहणारा माझा विद्यार्थी आज जें ऐकूं शकतो, त्यांतला शतांशहि मला त्याच्या वयांत ऐकावयास मिळाला नव्हता. आणि आमच्या संगीतापुरतें पाहिलें तर दीर्घ तबकडीहि शेवटीं एक दोरीच होती. विलंबित ख्याल रंगांत आला कीं बाविसाव्या मिनिटाला तो आवरता घ्यावा लागे. ती दोरी डिजिटल यंत्रानें कापली. जुन्या मैफलींचीं दोन-दोन तासांचीं मुद्रणें आतां अखंड ऐकतां येतात. हें ऋण जो मानीत नाहीं, तो संगीताचा नव्हे, कपाटाचा भक्त म्हणावा लागेल.

परंतु या सोयीबरोबर श्रोत्याची बसावयाची जागा बदलली, आणि माझें म्हणणें एवढ्यापुरतेंच आहे. पूर्वीचा श्रोता हा पंगतीला बसलेला पाहुणा होता. पानांत काय वाढावयाचें, कोणत्या क्रमानें वाढावयाचें, हें यजमानानें ठरविलेलें असे. डावीकडची चटणी कोणाला आवडे, कोणाला न आवडे. कारल्याच्या भाजीनें एखाद्याचें तोंड वांकडें होई. पण पानांत वाढलेलें टाकूं नये, हा लहानपणीं बसलेला नियम असल्यामुळें ती भाजीहि पोटांत जाई, आणि पुष्कळांना पुढें त्याच भाजीची गोडी लागे. आजचा श्रोता खाणावळींत शिरलेलें गिऱ्हाईक आहे. त्याच्यापुढें न संपणारी यादी आहे, आणि न आवडलेलें ताट परत पाठविण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. गिऱ्हाइकाला त्याच्या आवडीचें मिळतें, यांत संशय नाहीं. पण त्याला त्याच्या आवडीचेंच मिळतें, ही त्यांतली मेख आहे.

ही गोष्ट कलावंतांना कळत नाहीं असें नाहीं. २०२१ सालच्या नोव्हेंबरांत ॲडेल या इंग्रज गायिकेनें आपला नवा संच प्रसिद्ध करतांना स्पॉटिफाय कंपनीपाशीं एक मागणी केली. संचाच्या पानावरची मुख्य कळ दाबली कीं गाणीं वाटेल त्या क्रमानें वाजत. तीं कर्त्यानें लावलेल्या क्रमानें वाजावींत, एवढेंच तिचें मागणें होतें, आणि कंपनीनें तें मान्य केलें. तबकड्यांनाहि पुन्हां दिवस आले आहेत. अमेरिकेंत २०२२ सालीं सुमारें ४ कोटि १० लाख तबकड्या विकल्या गेल्या. कॉम्पॅक्ट डिस्कांचा आंकडा ३ कोटि ३० लाखांवर राहिला. १९८७ नंतर तबकडीनें डिस्कला मागें टाकण्याची ही पहिलीच वेळ. पण या आंकड्यांनीं मी हुरळून जात नाहीं. तबकडी विकत घेणें आणि तबकडीपुढें बसणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत.

या मतांचें मूळ कोठें आहे, तें आतां सांगितलें पाहिजे. माझे वडील जिल्हा कचेरींत कारकून होते. त्यांच्यापाशीं एकंदर अकरा दीर्घ तबकड्या होत्या, आणि त्यांतली एक उस्ताद अमीरखां यांची होती. १९६० च्या सुमारास निघालेली ती तबकडी जाणत्यांना परिचित आहेच. तिच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. रविवारीं दिवेलागणीस वडील ती काढीत, मलमलीच्या फडक्यानें पुशीत, आणि नेहमीं मारव्यापासून सुरवात करीत. सोळा-सतरा वर्षांच्या मला दरबारीचें वेड होतें. मंद्रांतला तो घनगंभीर आवाज, गांधारावरचें तें आंदोलन, हें माझ्या त्या वयांतल्या भव्यतेच्या कल्पनेशीं जुळणारें होतें. मारव्याचा मला मनस्वी कंटाळा येई. कोठें टेकत नाहीं, कोठें पोहोंचत नाहीं, असा तो राग. "आज दरबारीच लावूं या ना," असें मीं एक-दोनदां म्हटलें. वडील न रागावतां म्हणाले, "आधीं संध्याकाळ, मग रात्र." तबकडी उलटण्याचें काम माझ्याकडे होतें. त्यामुळें मारवा चालू असतां माझें सारें लक्ष सुई मध्यापासून किती दूर आहे याकडे असे. असा मीं तो सहा-सात वर्षें ऐकला. किंवा त्याच्या शेजारीं बसलों, असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

वडील गेले त्या वेळीं मीं चाळिशी ओलांडली होती. दिवस झाले, माणसें पांगलीं, आणि एका संध्याकाळीं घरांत कोणी नसतांना मीं ती तबकडी काढली. हेतु दरबारी ऐकण्याचा होता. हातानें संवयीप्रमाणें मारव्याची बाजू वर ठेवली. आणि त्या दिवशीं ती बाजू मीं उलटलीच नाहीं. मारव्यांत पंचम नाहींच; आणि जो षड्ज सर्व स्वरांचा आधार, तोहि गवई फार क्वचित् घेतो. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्या आधारानें तो त्याच्या अवतींभंवतीं फिरत राहतो. आतां येईल, आतां येईल, असें वाटत असतां षड्ज टळतो. पण मागें तंबोऱ्यांत तो वाजतच असतो, आणि गाइलेल्या प्रत्येक स्वराचें अंतर त्या न गाइलेल्या षड्जापासूनच मोजलें जात असतें. आमच्या घराचीहि त्या दिवसांत हीच अवस्था होती. खुंटीवरची टोपी, चष्म्याचें घर, वर्तमानपत्र येण्याची वेळ, या सर्वांचा हिशेब जो माणूस तेथें नव्हता त्याच्याशींच लागत होता. हें मला कोणत्याहि शोकगीतानें सांगितलें नसतें. मारव्यानें तें सांगितलें, कारण त्याची भाषा माझ्या नकळत माझ्या कानांत सहा-सात वर्षें सांठून राहिली होती. सोळाव्या वर्षीं मला मारवा वगळण्याची एखादी कळ कोणीं दिली असती, तर मीं ती दर रविवारीं दाबली असती. त्यांत कांहीं पाप नव्हतें. परंतु मग त्या संध्याकाळीं मला ज्याची गरज पडली, तें माझ्याजवळ नसतें.

ही हकीकत मीं माझ्या मुलीला सांगितली. ती बंगळुरास नोकरीला असते, आणि मोबाइलवर मला एकेक सुटें गाणें पाठवीत असते. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "बाबा, आजोबांपाशीं अकरा तबकड्या होत्या म्हणून तुम्ही मारवा ऐकलात. अकराशें असत्या तर? तुमच्या रसिकतेंत तुमची आवड किती आणि त्यांची सक्ती किती, हें तुम्हीं कधीं वेगळें करून पाहिलें आहे का?"

वकिलाच्या घरीं न जन्मलेल्या मुलीनें असा प्रश्न करावा, याचें मला कौतुक वाटलें. आणि उत्तर मला लगेच सुचलें नाहीं, हेंहि सांगतों. तिचें म्हणणें खरें होतें. वडिलांचा क्रम हा त्यांचा होता, माझा नव्हता. आणि टंचाई हा कांहीं सद्गुण नव्हे. पण पुढें विचार करतां मला असें वाटूं लागलें कीं घरांत धान्य नसल्यामुळें उपाशी राहणें आणि कोठार भरलेलें असतांना एकादशी करणें, यांत जो फरक आहे, तोच येथें आहे. आमच्या पिढीला टंचाईनें बसविलें. आतां कोणालाहि कोणी बसवूं शकत नाहीं. ज्याला बसावयाचें त्यानें आपण होऊन नियम केला पाहिजे. मनुष्याची आवड आज जेवढी आहे तेवढ्यांतूनच ती निवड करते. ती वाढावयाची तर जें आज आवडत नाहीं अशा कशाच्या तरी संगतींत तिला कांहीं काळ राहूं द्यावें लागतें. तबकडी ही त्या नियमाला सोयीची पडते, इतकेंच. उठून जावयाचें म्हटलें तरी गुडघ्यांवर हात ठेवून उठावें लागतें, आणि माझ्या वयांत तें एक संरक्षणच आहे. पण नियम तबकडींत नसतो, बसणाऱ्यांत असतो. कपाट न बाळगतां तो पाळणारे असतील, आणि कपाट बाळगून तो मोडणारे तर मला पुष्कळ माहीत आहेत.

हें सारें मीं तिला पत्रानें कळविलें. तिचें उत्तर आलें नाहीं. दिवाळीस ती घरीं आली, तेव्हां भाऊबिजेच्या आदल्या दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास तिनें आपला मोबाइल मेजावर पालथा ठेवला आणि त्यावर अमीरखांसाहेबांचा मारवा लावला. माझी तबकडी हाताशीं असतांना तिनें असें कां केलें, तें मीं विचारलें नाहीं; मला तें कळलें होतें. बाजू संपेपर्यंत ती बसून होती. मध्यें दोनदां मोबाइलमधून कसलीशी हांक आली, पण तिनें तो उलटला नाहीं. संपल्यावर मीं तिच्याकडे पाहिलें.

"नाहीं आवडला," ती म्हणाली, आणि जरा थांबून पुढें म्हणाली, "अजून."

मग तिनें दरबारी लावला.